सलामीचा ५-१: विजयाचा हिशेब कसा मांडायचा

फुटबॉल हंगामाचा पहिला सामना जिंकला की त्या रात्री सगळ्या ग्रुपवर तीच बडबड असते. यंदा आपलंच, मिडफिल्ड काय खेळलं, अमक्याला दहापैकी दहा. आनंद जरूर करावा. पण संघ नेमका कसा खेळला हे ठरवायचं असेल, तर दुसऱ्या दिवशी सामना पुन्हा लावावा, समालोचन बंद करावं आणि शेजारी कागद-पेन घेऊन बसावं. अशा हिशेबासाठी मला सगळ्यात चांगला नमुना वाटतो तो १४ ऑगस्ट २०२१ चा इंग्लिश प्रीमियर लीगमधला मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लीड्स.

आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी पाचला सुरू झालेला हा सामना अनेकांना आठवत असेल. कोविडनंतर ओल्ड ट्रॅफर्डवर पहिल्यांदाच पूर्ण भरलेला लीग सामना, सुरुवातीआधी राफाएल वरान या नव्या खेळाडूला मैदानात आणून केलेली घोषणा आणि मग ५-१. ब्रुनो फर्नांडिसची हॅटट्रिक, पॉल पोग्बाचे चार असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास). नोव्हेंबरच्या २१ तारखेला प्रशिक्षक ओले गुन्नार सोल्शायर यांना काढण्यात आलं. हंगाम संपला तेव्हा युनायटेड सहावे होते. गुण ५८, गोल केले ५७, खाल्ले ५७. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून तोपर्यंत या क्लबला इतके कमी गुण कधीच मिळाले नव्हते.

आता ‘पहिल्या सामन्यावरून काही कळत नाही’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. त्या सामन्यात पुष्कळ काही दिसत होतं. फक्त ते गोलफलकावर नव्हतं.

पहिली गोष्ट वेळेची. बरोबरी असताना दोन्ही संघ आपापल्या योजनेप्रमाणे खेळतात. एकाची आघाडी वाढली की मागे पडलेला संघ माणसं पुढे ढकलतो, मागे मैदान मोकळं होतं आणि आघाडीवरच्या संघाला फुकटच्या संधी मिळू लागतात. म्हणून कागदावर आधी गोलांची मिनिटं लिहावीत. इथे ती अशी: फर्नांडिस ३०, लीड्सचा ल्यूक एलिंग ४८, ग्रीनवूड ५२, पुन्हा फर्नांडिस ५४ आणि ६०, फ्रेड ६८. म्हणजे ९० मिनिटांत बरोबरी होती ती सुरुवातीची तीस मिनिटं आणि एलिंगच्या गोलनंतरची चार, एकूण जेमतेम ३४ मिनिटं. युनायटेडबद्दल काही शिकायचं असेल तर ते या ३४ मिनिटांत. बहुतेकांच्या डोक्यात मात्र राहिली ५२ ते ६८ ही सोळा मिनिटं, कारण चार गोल तिथे झाले.

त्या पहिल्या तीस मिनिटांत काय मोजायचं? मी पाच रकाने करतो. पेनल्टी बॉक्सच्या आतून मारलेले शॉट, बाहेरून मारलेले शॉट, आपला चेंडू गेल्यावर दहा सेकंदांच्या आत प्रतिस्पर्धी आपल्या गोलजवळच्या एक-तृतीयांश मैदानात पोचला ते प्रसंग, आपल्या बचावपटूने चेंडू पायात असताना वर बघून आरामात पास निवडला ते प्रसंग, आणि समोरच्या बचावफळीच्या व मिडफिल्डच्या मधल्या जागेत आपल्या खेळाडूने वळून चेंडू घेतला ते प्रसंग. बाकी ताबा, पासची टक्केवारी वगैरे तयार आकडे नंतर कुठेही मिळतात. या सामन्यात चेंडूचा ताबा जवळपास निम्मानिम्मा होता. ५-१ च्या सामन्यात तो आकडा काय सांगतो? काहीच नाही.

चौथा रकाना सगळ्यात बोलका निघतो. तो कळायला लीड्स कसे खेळायचे ते माहीत हवं. त्यांचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांची पद्धत अख्ख्या मैदानभर मॅन-मार्किंगची. प्रत्येकाने आपला माणूस धरायचा, तो जाईल तिथे जायचं. मागे मात्र एक सेंटर-बॅक (मधला बचावपटू) मोकळा ठेवायचा, म्हणजे कोणी निसटला तर झाकायला माणूस असतो. हिशेब साधा आहे: मागे एक जास्त ठेवला की पुढे एक कमी पडतो. लीड्सचा पॅट्रिक बॅमफर्ड एकटा, समोर युनायटेडचे सेंटर-बॅक हॅरी मॅग्वायर आणि व्हिक्टर लिंडेलॉफ दोघं. एकावर बॅमफर्ड गेला की दुसरा मोकळा. साठाव्या मिनिटाचा गोल आठवा. लिंडेलॉफकडे चेंडू, आसपास कोणी नाही, त्याने मान वर केली, लांब पास टाकला आणि फर्नांडिसने तो गोलमध्ये ठोकला. लोकांनी फर्नांडिसचं कौतुक केलं, ते रास्तच. पण तो गोल सुरू झाला लिंडेलॉफला मिळालेल्या त्या दोन-तीन सेकंदांपासून, आणि ते सेकंद लीड्सच्या पद्धतीतून आपोआप मिळत होते.

शिवाय लीड्सचा मिडफिल्डर केल्व्हिन फिलिप्स त्या दिवशी बाकावर होता. युरो स्पर्धेची अंतिम लढत ११ जुलैला खेळून तो उशिरा सरावाला आला होता. त्याच्या जागी मधोमध रॉबिन कोख, म्हणजे मुळात सेंटर-बॅक. मॅन-मार्किंगमध्ये मधला माणूस हरला की झाकणारा तो मोकळा सेंटर-बॅक बराच मागे असतो. त्यामुळे सगळ्यात कमकुवत जोडी शोधली की काम होतं. फर्नांडिस आणि डावीकडून सतत आत सरकणारा पोग्बा यांनी नेमकं ते केलं.

आता प्रत्येक गोलला एकच प्रश्न विचारायचा: समोरचा संघ मागे दाट बसला असता तर हा गोल झाला असता का? पहिला गोल पोग्बाने बचावाच्या मागे सोडलेल्या चेंडूवर. मागे जागा नसती तर तो पास टाकायलाच वाव नव्हता. ग्रीनवूडचा गोल तर मैदानाच्या मध्यभागातून गेलेल्या लांब पासवर, पुढे मोकळं रान. हाही जागेवर अवलंबून. ५४ व्या मिनिटाचा फर्नांडिसचा गोल वेगळा. बॉक्सच्या आत गर्दीत पोग्बाकडून चेंडू मिळाला, तिथेच पायात घोळवून जागा काढली, एलिंगने रेषेवरून बाहेर काढायचा प्रयत्न केला पण गोललाइन तंत्रज्ञानाने गोल दिला. असा गोल कोणत्याही बचावाविरुद्ध होऊ शकतो. लिंडेलॉफच्या पासवरचा गोल युनायटेडचा सेंटर-बॅक मोकळा सुटल्यामुळे. फ्रेडचा गोल ४-१ असताना, लीड्स विस्कटलेले असताना, पोग्बाने डावीकडून मागे दिलेल्या चेंडूवर. माझ्या हिशेबात पाचपैकी एकच गोल असा, जो ऑक्टोबरमधल्या एखाद्या कंटाळवाण्या सामन्यातही पडला असता. आणि पाचपैकी एकही कॉर्नर, फ्री-किक किंवा पेनल्टीवर नाही. अशा थांबलेल्या चेंडूंबद्दल, म्हणजे सेट-पीसबद्दल, त्या दिवशी चांगलं-वाईट काहीच समजलं नाही, हेही कागदावर लिहून ठेवायचं. कोरा रकाना म्हणजे ‘ठीक आहे’ असा शेरा नव्हे.

युनायटेडचं पुढे काय झालं ते पाहा. साउदॅम्प्टनला १-१. वुल्व्ह्जविरुद्ध ८० व्या मिनिटापर्यंत गोल नाही, मग १-० विजय. २५ सप्टेंबरला घरच्या मैदानावर व्हिलाकडून ०-१, आणि तो गोल ८८ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडरने. म्हणजे पहिल्या दिवशी कोरा राहिलेला रकाना इथे भरला. २ ऑक्टोबरला एव्हर्टनशी १-१: युनायटेडचाच कॉर्नर, तो परतला, एव्हर्टनच्या डेमराई ग्रेने फ्रेडला मागे टाकलं आणि काही सेकंदांत अँड्रॉस टाउनसेंडने गोल केला. दहा सेकंदांचा तो तिसरा रकाना यासाठीच.

त्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण विजयाच्या गुणगानात हीच गोष्ट सगळ्यात आधी निसटते. आपण आक्रमण करत असताना मागे किती माणसं, कुठे उभी आहेत, हे टीव्हीवर नीट दिसत नाही, कॅमेरा चेंडूमागे पळतो. तरी एक युक्ती आहे. आपल्या संघाचा कॉर्नर किंवा क्रॉस अडवला गेला की चेंडू न बघता मध्यरेषेकडे बघायचं. तिथे आपले दोन सेंटर-बॅक आणि त्यांच्या पुढे किमान एक मिडफिल्डर, प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या माणसाला पाठीमागून चिकटलेला, असं चित्र हवं. मिडफिल्डर पाच-सात पावलं दूर असेल, तर समोरचा चेंडू घेऊन वळतो आणि तिथून पुढे सगळी धावपळ. लीड्सविरुद्ध मॅकटॉमिने आणि फ्रेड या मिडफिल्डच्या जोडीला हे काम फारसं पडलंच नाही, कारण चेंडू बहुतेक वेळा समोरासमोरच्या झटापटीत जिंकला-हरला जात होता. माणसाला माणूस भिडला की दोघांची धाव आणि ताकद कामी येते. जागा राखायची वेळ आली की दुसरंच कसब लागतं. सामन्यानंतर ‘आता नवीन होल्डिंग मिडफिल्डरची (बचावफळीपुढची जागा राखणाऱ्याची) गरज नाही’ असं म्हणणाऱ्यांना हा फरक दिसला नव्हता. १६ ऑक्टोबरला लेस्टरने चार, २४ ऑक्टोबरला लिव्हरपूलने पाच आणि २० नोव्हेंबरला वॉटफर्डने चार गोल घातले.

एक्सजीबद्दल, म्हणजे एखाद्या संधीतून गोल होण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्याबद्दल. आता तो आकडा सगळीकडे मिळतो, पण सलामीच्या सामन्यानंतर लोक त्याला नको तेवढं ताणतात. एका शॉटचा एक्सजी ०.३ म्हणजे तशा जागेवरून दहापैकी तीनदा गोल होतो. असे तीन शॉट मारले तर किमान एक गोल होण्याची शक्यता साधारण ६६ टक्के, आणि तिन्ही आत जाण्याची तीन टक्क्यांपेक्षाही कमी. एकाच दुपारी ते तिन्ही आत गेले तर संघ ‘क्लिनिकल’ ठरतो, पुढच्या आठवड्यात तिन्ही गेले नाहीत तर आघाडीपटू विकायला काढला जातो. पेनल्टीचा एक्सजी ०.७८ च्या आसपास असतो, तो आधी बाजूला काढावा. मग बरोबरीच्या मिनिटांतला एक्सजी वेगळा काढावा. उरलेला आकडा एका सामन्यासाठी लहानच असतो, म्हणून त्यावर मत ठोकू नये. निदान सहा सामन्यांची बेरीज होऊ द्यावी.

प्रेसिंगसाठी (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना त्याच्या अंगावर धावून जाण्यासाठी) पीपीडीए नावाचं मोजमाप आहे: प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या साठ टक्के मैदानात त्यांनी किती पास केले, भागिले तिथे आपण केलेले टॅकल, इंटरसेप्शन, फाउल वगैरे. आकडा जितका लहान तितकं प्रेसिंग कडक. यातली फट अशी की समोरचा संघ गोलरक्षकाकडून सरळ लांब चेंडू मारत असेल तर पास मुळात कमी होतात आणि आपलं प्रेसिंग उगाच भारी दिसतं. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या गोलकिक आखूड होत्या की लांब, एवढं सोबत लिहिलं तरी पुरे.

गुण देण्याच्या खेळात पोग्बाला सगळ्यांनी दहा दिले. द्यायलाच हवे होते. पण त्या चार असिस्टपैकी दोन डावीकडून सुरुवात करून आत येताना, बचावाच्या मागे धावणाऱ्यांसाठी टाकलेल्या चेंडूंवर आले. पुढे सतत धावणारे होते डॅनियल जेम्स आणि ग्रीनवूड. ३१ ऑगस्टला जेम्स विकला गेला, तोही लीड्सलाच. त्याच सुमारास क्रिस्तियानो रोनाल्डो आला. त्याने लीगमध्ये १८ गोल केले, त्यामुळे त्याच्या माथी सगळं मारणं मला पटत नाही. पण सलामीला पुढून जी धावपळ आणि प्रेसिंग दिसलं ते करणारी आघाडीच बदलली. ज्या संघाची परीक्षा आपण केली तो संघ तीन आठवड्यांत शिल्लक नव्हता. पोग्बाचे अख्ख्या लीग हंगामातले असिस्ट ९, त्यांतले चार त्या एका दुपारचे. युरोपातल्या मोठ्या लीगची खरेदी-विक्रीची खिडकी ऑगस्टअखेरच्या सुमारास बंद होते, त्यामुळे पहिल्या सामन्याच्या नोंदीवर कोण जाऊ शकतो, कोण येऊ शकतो, हे पेन्सिलीने लिहून ठेवावं.

याच क्लबने त्याआधी दोन वर्षं, ११ ऑगस्ट २०१९ ला, सलामीलाच चेल्सीला ४-० हरवलं होतं. पूर्वार्धात चेल्सीचे दोन फटके गोलच्या चौकटीवर आदळले, एक टॅमी अब्राहमचा, एक एमर्सनचा. हंगामाच्या शेवटी दोन्ही संघांचे गुण सारखे, ६६. म्हणजे तो ४-० ही फसवाच.

आता आपल्या जवळचं उदाहरण, २०२१-२२ च्याच हंगामातलं. २२ नोव्हेंबर २०२१, फातोर्डा, मुंबई सिटी विरुद्ध एफसी गोवा. कोविडच्या बायो-बबलमुळे इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) सगळा हंगाम गोव्यातच, रिकाम्या स्टँडसमोर. मुंबई गतविजेती, लीग शिल्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी) आणि करंडक दोन्ही तिच्याकडे. पण प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा जाऊन डेस बकिंगहॅम आलेले. निकाल ३-०. इगोर अँगुलोचे दोन, त्यातला एक पेनल्टीवर, आणि तिसरा यगोर कटाटाउचा. अँगुलो आदल्या हंगामात गोव्याकडून १४ गोल करून गोल्डन बूट घेऊन आलेला, त्यामुळे मुंबईकरांच्या आनंदाला चांगलीच फोडणी बसली.

इथे चूक झाली ती प्रतिस्पर्ध्याचं वजन करताना. गोवा म्हणजे आदल्या वर्षीचा उपांत्य फेरीतला संघ, मुंबईशी पेनल्टी शूटआउटपर्यंत झुंजलेला, आणि ऑक्टोबरमध्येच ड्युरँड कप जिंकून आलेला. अशा संघाला ३-० म्हणजे मोठाच निकाल, असं सगळ्यांनी धरलं. पण गोव्याने पुढचे दोन सामनेही गमावले, जमशेदपूरकडून आणि नॉर्थईस्टकडून. डिसेंबरात प्रशिक्षक हुआन फेरांदो मोहन बागानकडे गेले आणि गोवा नववा राहिला. प्रतिस्पर्ध्याची ताकद गेल्या वर्षीच्या नावावरून न ठरवता त्याच्या पुढच्या तीन निकालांनंतर ठरवावी. तोपर्यंत आपल्या विजयासमोर प्रश्नचिन्ह. मुंबईच्या बाबतीत हे कठीण गेलं, कारण दुसऱ्याच सामन्यात हैदराबादकडून १-३ हरल्यावर तिने एटीके मोहन बागानला ५-१ ने धुतलं आणि नंतर आणखी तीन जिंकले. पहिल्या सहा सामन्यांत १५ गुण. उरलेल्या चौदांत १६. एकूण ३१ गुण, पाचवा क्रमांक, प्ले-ऑफ हुकला.

उलट बाजूचं उदाहरण लेस्टर सिटीचं. ८ ऑगस्ट २०१५ ला संडरलँडला ४-२. त्या दिवशी संडरलँड किती ढिसाळ होतं यावरच चर्चा झाली, आणि ते खोटंही नव्हतं, संडरलँड शेवटी सतरावं राहिलं. पण कागदावर गोल कसे झाले आणि कसे खाल्ले हे दोन्ही लिहिणाऱ्याला खरं चित्र मिळालं असतं: पुढे जाताना भयानक वेग, मागे गळती. ती गळती पुढे दोन महिने टिकली. लेस्टरने एकही गोल न खाता जिंकलेला पहिला लीग सामना हंगामातला दहावा, २४ ऑक्टोबरचा, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-०. तोवर प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांनी दोन्ही फुल-बॅक (कडेचे बचावपटू) बदलले होते. शेवटी लीगचं विजेतेपद ८१ गुणांवर आलं. मोठ्या विजयात खाल्लेले गोल ‘जाऊ दे, जिंकलो ना’ म्हणून सोडून देतात लोक. माझ्या मते सलामीच्या सामन्यातली सगळ्यात टिकाऊ माहिती बहुधा तिथेच असते. युनायटेडनेही लीड्सविरुद्ध एलिंगला बॉक्सच्या बाहेर निवांत फटका मारू दिला होता. शॉट अफलातून होता हे खरं, पण त्याच्या अंगावर कोणी धावून गेलं नाही हेही खरं.

कागद टाकून देऊ नये. दुसरा सामना बहुधा वेगळ्या शैलीच्या संघाशी असतो. त्याच पाच रकान्यांत तोही भरावा. तिसऱ्या-चौथ्या सामन्यापर्यंत मागे बसणारा एक, उंच प्रेस करणारा एक आणि लांब चेंडू खेळणारा एक असे तिघे भेटले की मग खेळाडूंना गुण द्यायला बसावं. वेळापत्रकात असा मागे बसणारा संघ लवकर येत नसेल तर तशी नोंद करून थांबावं.

आणि हो, त्या दिवशी पाच गोल खाऊन घरी गेलेल्या लीड्सच्या चाहत्यांनी हाच कागद भरला असता तर त्यांना आपल्या संघाबद्दल युनायटेडवाल्यांपेक्षा जास्त कळलं असतं. मधला माणूस नसला की अख्खी साखळी तुटते, हे त्यांना १४ ऑगस्टलाच दिसलं होतं. डिसेंबरात मँचेस्टर सिटीने त्यांना सात गोल घातले, फेब्रुवारीत लिव्हरपूलने सहा, फेब्रुवारीअखेर बिएल्सा यांना काढण्यात आलं. हंगामभरात ७९ गोल खाऊन, शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डमध्ये २-१ जिंकून ते कसेबसे लीगमध्ये राहिले.